रंग गेला, म्हणजे पाणी शुद्ध झाले काय?

निवासी शाळेत वाढलेल्या मुलाला पाण्याचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. पहाटेची नळावरची रांग ते शिकवीत असते. मात्र वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे जीवन आज औद्योगिक वसाहतींशी आणि नदीकाठच्या गावांशी निगडित आहे. म्हणून सांडपाण्यातील सेंद्रिय आम्ले आणि विजेच्या साहाय्याने होणारे त्यांचे ऑक्सिडीकरण हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

सेंद्रिय आम्ले आपल्या परिचयाचीच आहेत. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते, मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते, आणि अळूने घसा खवखवतो तो ऑक्झॅलिक आम्लाच्या कॅल्शियम क्षारामुळे. कारखान्याच्या सांडपाण्यात मात्र ही आम्ले पुष्कळदा मोठ्या रेणूंच्या विघटनातून निर्माण होतात. इचलकरंजीसारख्या कापडनगरीत वापरले जाणारे रंग घ्या. ॲझो रंगाच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंचा दुवा असतो. तो तुटला की रंग नाहीसा होतो. पण रेणूचे उरलेले भाग पाण्यातच राहतात. पुढे त्यांतील कार्बनची कडी उघडते, प्रथम मॅलेइकसारखी आम्ले बनतात आणि शेवटी ऑक्झॅलिक, फॉर्मिक व ॲसेटिक ही लहान आम्ले उरतात. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, तरी त्यातील कार्बनचा भार बराचसा तसाच असतो.

हा भार मोजण्याचे माप म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, अर्थात सीओडी. नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी आपल्या देशातील सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. डोळ्यांना जे दिसत नाही, ते हे माप सांगते.

आता विजेचे कार्य पाहू. सांडपाण्यात दोन पट्ट्या बुडवून एकदिश प्रवाह सोडला की ऋणाग्रावर हायड्रोजन वायू सुटतो. धनाग्रावर पाण्याच्या रेणूपासून हायड्रॉक्सिल मूलक हा अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतो. धनाग्र कशाचे आहे, यावर पुढील सारे अवलंबून असते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक ख्रिस्तोस कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये हा भेद स्पष्ट केला. इरिडियम ऑक्साइडच्या धनाग्रावर मूलक घट्ट बांधला जातो. तेथे ऑक्सिडीकरण अर्धवट राहते आणि आम्ले मागे उरतात. बोरॉनमिश्रित कृत्रिम हिऱ्याचा पातळ थर दिलेल्या धनाग्रावर मूलक जवळजवळ मोकळा असतो. त्यावर ॲसेटिक आम्लासारख्या चिवट आम्लाचेही कार्बन डायऑक्साइड व पाणी होऊ शकते.

मग हीच पद्धत सर्वत्र का वापरू नये? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक किलो सीओडी नष्ट करण्यास, प्रवाहाचा कणही वाया न जाता, सुमारे ३३५० अँपिअर-तास विद्युतभार लागतो. विद्युतदाब ५ व्होल्ट धरल्यास ही सुमारे १७ युनिट वीज झाली. पाणी जसजसे विरळ होते तसतसे आम्लाचे रेणू धनाग्रापर्यंत कमी पोहोचतात आणि खर्च वाढतो. शिवाय कापड-रंगणीच्या पाण्यात मीठ विपुल असते. मिठापासून धनाग्रावर क्लोरीन तयार होतो. तो रंग झटपट घालवितो, परंतु क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगेही निर्माण करू शकतो. हिऱ्याच्या धनाग्रावर क्लोरेट आणि परक्लोरेट बनण्याचा धोकाही असतो.

म्हणून शहाणपणाचा मार्ग कामाच्या वाटणीचा आहे. ॲसेटिक आम्ल हे जिवाणूंचे आवडते अन्न आहे. गोबर गॅसच्या टाकीत त्यापासूनच मिथेन बनतो. विषारी, गुंतागुंतीचे रेणू जिवाणूंना पचत नाहीत. तेवढे विजेने फोडावेत आणि मागे उरणारी लहान आम्ले जिवाणूंच्या स्वाधीन करावीत. जेथे क्षार वा विष इतके आहे की जिवाणू जगूच शकत नाहीत, तेथेच विजेने शेवटपर्यंत जाणे परवडते.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. एखाद्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे नितळ पाणी कोणी अभिमानाने दाखविले, तर त्याचे कौतुक जरूर करावे. पण सीओडी आधी किती होता व नंतर किती राहिला, आणि क्लोरीनयुक्त संयुगांची तपासणी झाली काय, हेही नम्रपणे विचारावे. खालच्या गावात तेच पाणी कोणीतरी हंड्यात भरीत असते. त्याच्या वतीने हे प्रश्न विचारणे हे शिकलेल्या माणसाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.