चुना, गंधक आणि ताजा ऊस



विळा पावसात राहिला की गंजतो. लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाने झालेला हा गंज म्हणजे ऑक्साइड. पालघर जिल्ह्यात घिवलीशेजारी १९६९ साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राचे इंधनही युरेनियमचे ऑक्साइडच. नुसत्या धातूपेक्षा ते उष्णतेत आणि पाण्यात जास्त टिकते.

आपल्या कारखान्यातही दोन ऑक्साइडे कामाला असतात. एक कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियमचे ऑक्साइड. दुसरे, गंधक जाळून निघणारा वायू. बहुतेक धातूंची ऑक्साइडे अल्कधर्मी, तर बहुतेक अधातूंची आम्लधर्मी. हे दोघे रसात एकमेकांना मारतात.

उसाचा रस मुळात थोडा आंबट, सामू पाचाच्या आसपास. असा रस तापवला तर साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जाते. म्हणून चुना घालायचा. जादा चुना गंधकाच्या वायूने मारून सामू सातावर आणायचा. तयार झालेला साका गाळ घेऊन खाली बसतो, रस निवळतो.

पण ऊस शिळा झाला की आंबटपणा वाढतो, चुना जास्त लागतो. आणि उसातच फुटलेली साखर कोणताही चुना परत जोडत नाही! उतारा घटतो, आणि दर तर उताऱ्यावरच ठरतो.

तेव्हा मंडळी, तोडलेला ऊस फडात पडू देऊ नका. गाडी आली नाही तर त्याच दिवशी गट ऑफिसला कळवा.