चौकोनातली किल्ली

दुकानाच्या गल्ल्यावर लावलेला क्यूआर कोड आता प्रत्येक व्यापारी कुटुंबाच्या परिचयाचा आहे. तो गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठीच असतो. त्यातून पैसे येतात, जात नाहीत. बिटकॉइनसारखे आभासी चलन स्वतःच्या ताब्यात ठेवणारे काही जण तसाच दिसणारा दुसरा एक कोड जपतात. त्याचा स्वभाव मात्र नेमका उलटा आहे. तो ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याच्या हाती तिजोरी जाते.

आभासी चलनाचे वॉलेट तयार करताना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. त्यांना ‘सीड’ म्हणजे बीज म्हणतात. २०१३ साली मांडलेल्या ‘बिप-३९’ या मानकानुसार ते २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून येतात. वॉलेटच्या साऱ्या किल्ल्या या बीजातूनच निघतात. उपकरण मोडले तरी शब्दांवरून शिल्लक परत मिळते. शब्दच हरवले, तर दाद मागण्यास कोणतीही शाखा नाही.

यादीतील शब्दांना ०००० पासून २०४७ पर्यंत क्रमांक देता येतात. त्यानुसार १२ शब्दांचे ४८ आणि २४ शब्दांचे ९६ अंक होतात. ‘सीडसायनर’ या उपकरणाच्या पद्धतीत हे अंक क्यूआर कोडात भरले जातात. १२ शब्दांना २५ गुणिले २५, तर २४ शब्दांना २९ गुणिले २९ घरांचा चौकोन पुरतो. इंटरनेटपासून अलिप्त असलेले हे उपकरण बंद होताच बीज विसरते. त्यामुळे दर वेळी ते नव्याने भरावे लागते. शब्द एकेक करून भरण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोर कागद धरणे सुलभ ठरते.

या सोयीतच धोका आहे. वहीतले शब्द उतरवून घेण्यास वेळ लागतो. कोडाचे छायाचित्र क्षणात निघते. म्हणून तो मोबाइलने टिपू नये, संकेतस्थळावर बनवू नये, बाहेरून छापून वा लॅमिनेट करून घेऊ नये. उपकरणाच्या पडद्यावर पाहून चौकटींच्या कागदावर घरे हाताने भरावीत. रक्कम ठेवण्यापूर्वी तो कागद उपकरणाला वाचायला देऊन तेच वॉलेट उघडते का, हे पडताळावे. आग व पाणी यांपासून रक्षणासाठी धातूच्या पट्टीवरही तो कोरता येतो. मूळ शब्द मात्र वेगळ्या जागी जपावेत, कारण असा कोड सर्वच वॉलेट वाचत नाहीत.

शेवटचा प्रश्न वारसांचा. बँकेतील खात्याला नामनिर्देशन असते. स्वतःच्या ताब्यातील वॉलेटला ते नसते. कर्त्या पुरुषाच्या पश्चात कपाटात सापडलेला चौकोनांचा कागद रद्दीत जाण्याचीच शक्यता अधिक. यासाठी कोडाची जागा, उपकरणाचे नाव आणि वापराची रीत सांगणारी चिठ्ठी मृत्युपत्रासोबत ठेवावी. तिच्यात कोड किंवा शब्द मात्र लिहू नयेत. तसेच घरातील एका विश्वासू व्यक्तीला हयातीतच थोड्या रकमेवर ही सारी कृती करून दाखवावी.