आंतरजालावरील सांघिक खेळ

पाठ-परिचय

कबड्डी, खो-खो हे खेळ आपण खेळलो आहोत, निदान पाहिले तरी आहेत. संगणक व आंतरजाल यांमुळे सांघिक खेळाला आता एक नवे मैदान लाभले आहे. तेथील खेळाडू एकमेकांपासून शेकडो कोस दूर असतात, आणि बहुधा एकमेकांना ओळखतही नसतात. अशा परिस्थितीत संघ कसा उभा राहतो आणि नवशिक्या खेळाडूने त्यात आपले स्थान कसे शोधावे, हे आपण ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळाच्या उदाहरणाने समजून घेऊ.

मूळ पाठ

आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रत्येक जण स्वतःपुरता खेळतो. ज्याने अधिक प्रतिस्पर्धी बाद केले, तो विजयी. दुसऱ्या प्रकारात दोन संघ समोरासमोर येतात आणि त्यांच्यापुढे एखादे निश्चित कार्य ठेवलेले असते. ते कार्य जो संघ पार पाडतो, तो जिंकतो. प्रतिस्पर्ध्यांना बाद करणे हे येथे केवळ साधन असते, साध्य नव्हे. सांघिक खेळाचे पहिले मूलतत्त्व ते हेच.

‘टीम फोर्ट्रेस’चे मूळ रूप 1996 मध्ये ऑस्ट्रेलियातील काही तरुणांनी ‘क्वेक’ या खेळात फेरफार करून तयार केले. पुढे अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या कंपनीने 2007 मध्ये ‘टीम फोर्ट्रेस २’ प्रसिद्ध केला आणि 2011 पासून तो विनामूल्य उपलब्ध झाला. नेहमीच्या सामन्यात लाल आणि निळा असे दोन संघ असतात व प्रत्येकात बारा खेळाडू असतात. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गुण मिळविला की पुन्हा जिवंत होतो. येथे मात्र बाद झालेला खेळाडू काही सेकंद थांबून आपल्या तळावरून पुन्हा निघतो. म्हणजे बाद होण्याची खरी किंमत असते ती वेळेची. तेवढ्या वेळात आपल्या संघाचा एक माणूस जेथे हवा तेथे नसतो.

संघापुढील कार्ये निरनिराळी असतात. एका प्रकारात शत्रूच्या तळातील गुप्त कागदपत्रांची पेटी उचलून आपल्या तळावर आणावयाची असते. पेटी नेणारा बाद झाला तर पेटी तेथेच पडते, म्हणून त्याच्यासोबत रक्षक असावे लागतात. दुसऱ्या प्रकारात मैदानातील ठरावीक ठाणी ताब्यात घ्यावयाची असतात. तिसऱ्यात मधोमध एकच ठाणे असते आणि ते एकूण तीन मिनिटे जो संघ आपल्याकडे राखतो, तो जिंकतो.

या सर्वांत शिकण्यास सोयीचा प्रकार म्हणजे गाडा ढकलण्याचा. रुळांवर एक स्फोटकांचा गाडा असतो. निळ्या संघाने तो लाल संघाच्या तळापर्यंत ठरलेल्या वेळेत न्यावयाचा असतो. गाड्याजवळ निळा खेळाडू उभा राहिला की गाडा पुढे सरकतो. एकाच्या जागी दोघे-तिघे असले की त्याचा वेग वाढतो. लाल संघाचा एक जरी खेळाडू गाड्याजवळ पोहोचला, तरी गाडा जागीच थांबतो. तीस सेकंद कोणीही गाडा ढकलला नाही, तर तो मागे घसरू लागतो. वाटेतील प्रत्येक टप्पा गाठला की निळ्या संघाला वाढीव वेळ मिळते.

या साध्या नियमांत सांघिक खेळाचे सारे मर्म आले आहे. समजा, निळ्या संघातील अकरा जण शत्रूचा पाठलाग करीत दूर गेले आणि प्रत्येकाने दोन-दोन प्रतिस्पर्धी बाद केले. तरीही गाड्यापाशी कोणी नसेल, तर त्या पराक्रमाने गाडा हातभरही हलत नाही. उलट ज्याचा नेम अजून बसलेला नाही, असा नवखा खेळाडू गाड्याला चिकटून राहिला, तर तो पहिल्याच दिवशी संघाच्या उपयोगी पडतो. गाड्याजवळील आपल्या खेळाडूंच्या जखमा भरून येतात आणि त्यांना दारूगोळाही मिळतो. म्हणजेच कार्याजवळ राहणाऱ्याला खेळाने आधारही दिलेला आहे.

दुसरे मूलतत्त्व भूमिकांचे. या खेळात नऊ प्रकारचे योद्धे आहेत. ‘स्काउट’ अतिशय चपळ, पण नाजूक असतो. गाडा ढकलताना तो एकटा दोघांइतका मोजला जातो. ‘हेवी’ संथ असला तरी सर्वाधिक घाव सोसतो. ‘इंजिनिअर’ आपोआप मारा करणारी तोफ उभारतो, तसेच साथीदारांना तळावरून थेट आघाडीवर पोहोचविणारे यंत्रही बसवितो. ‘स्पाय’ शत्रूचा वेष धारण करून त्यांच्यात मिसळतो. संघात सर्वांनी एकच भूमिका घेतली, तर तो संघ लंगडा पडतो. म्हणून मैदानात उतरण्यापूर्वी साथीदारांनी कोणत्या भूमिका निवडल्या आहेत ते पाहावे आणि जी उणीव असेल ती भरून काढावी.

बहुधा ही उणीव ‘मेडिक’ची असते. मेडिक जखमी साथीदारांवर उपचार करतो, इतकेच नव्हे तर त्यांची शक्ती काही काळ दीडपटीपर्यंत वाढवू शकतो. जखमींवर सुमारे चाळीस सेकंद अखंड उपचार केल्यास त्याच्या यंत्राचा संचय पूर्ण होतो. तो वापरला की मेडिक व त्याचा साथीदार आठ सेकंद अभेद्य होतात. शत्रूची बळकट फळी फोडण्यास अनेकदा हे आठ सेकंद पुरेसे ठरतात. तथापि बाद केलेल्यांची संख्या पाहिली, तर मेडिकच्या नावापुढे फारसे काही दिसत नाही. ज्याचे काम आकड्यांत नीट मावत नाही, त्याला निरुपयोगी समजण्याची घाई अनेक खेळाडू करतात. सूत्रे जाणणारा खेळाडू मात्र लढाईत सर्वप्रथम आपल्या मेडिकचे रक्षण करतो.

तिसरे मूलतत्त्व संवादाचे. साथीदार परक्या प्रांतातील, परक्या भाषेचा असू शकतो. म्हणून या खेळात कळफलकावरील कळा दाबून ‘मेडिक हवा’, ‘मदत करा’, ‘पुढे चला’, ‘धन्यवाद’ असे ठरावीक पुकारे करण्याची सोय आहे. बोलावयाचे झाल्यास थोडके व कामाचे बोलावे. ‘तोफ डावीकडच्या दारामागे आहे’ या वाक्याने संघाचे भले होते. ‘तुला खेळता येत नाही’ या वाक्याने तोफ जागची हलत नाही, नवखा खेळाडू मात्र खचतो. कोणी अपशब्द वापरीत राहिल्यास त्याचा आवाज आपल्यापुरता बंद करता येतो. त्याच्याशी वाद घालण्यात डाव घालवू नये.

आरंभी संगणकाने चालविलेल्या खेळाडूंबरोबर सराव करावा आणि मैदानातील वाटा ओळखून घ्याव्यात. या खेळात शोभेच्या वस्तू पैसे देऊन घेता येतात. काही पेट्या विकतच्या किल्लीने उघडाव्या लागतात आणि आतून काय निघेल, हे दैवावर असते. अशा खर्चाने खेळाची समज वाढत नाही. ती वाढते सरावाने आणि निरीक्षणाने. खेळण्याची वेळही आधीच ठरवून घ्यावी, कारण ‘आणखी एकच डाव’ म्हणता म्हणता रात्र सरते.

नेम साधण्यास महिने लागतात, परंतु आपल्या संघाला या घटकेस कशाची गरज आहे, हा प्रश्न विचारण्यास कौशल्य लागत नाही. ज्याला तो प्रश्न सुचतो, तो संघात नवखा असला तरी उपरा राहत नाही.

पाठावरील प्रश्न

1. सांघिक प्रकारात प्रतिस्पर्ध्यांना बाद करणे हे साध्य का मानता येत नाही?
2. मेडिकचे कार्य इतरांच्या लक्षात सहज का येत नाही?
3. आपल्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी ‘मेडिक’सारखी भूमिका कोण पार पाडते? आठ ते दहा ओळींत लिहा.