इंग्रजी धातुसाधिते आणि मराठी वाक्याचा कर्ता

इंग्रजी व्याकरणातील 'पार्टिसिपल' ही संज्ञा लॅटिनमधून आली. तिच्या मुळाशी 'वाटेकरी' असा अर्थ आहे. क्रियापद आणि नाम अशा दोन्ही घरांत ज्याचा वाटा आहे तो शब्द, ही त्यामागील कल्पना. लॅटिन वैयाकरणांनी ती ग्रीकांकडून घेतली. संस्कृत व्याकरणाने ह्याच वस्तूकडे घडणीच्या दृष्टीने पाहिले, आणि ज्याच्या अंती 'कृत्' प्रत्यय तो 'कृदन्त' असे म्हटले. तमिळ व्याकरणाने तिसरेच नाव दिले आहे : 'एच्चम्', म्हणजे उरलेले, अपुरे राहिलेले. पूर्ततेसाठी नामाची वाट पाहणारे ते 'पेयरेच्चम्', क्रियापदाची वाट पाहणारे ते 'विनैयेच्चम्'. ह्या तिहींपैकी अनुवादकाच्या उपयोगाचे नाव कोणते असे कोणी विचारले, तर मी तमिळ नावाकडे बोट दाखवीन. धातुसाधितात क्रिया असते, पण तिचा कर्ता आणि पुष्कळदा तिचा मुख्य क्रियेशी असलेला संबंधही अनुक्त असतो. ही उणीव कोठून भरून काढावयाची ह्याचे नियम भाषेभाषेत निराळे आहेत. आणि इंग्रजीतून मराठीत उतरणाऱ्या गद्याचा पुष्कळसा बेडौलपणा हा फरक न ओळखल्यामुळे उत्पन्न होतो, असे माझे मत आहे.

उदाहरण थोडे दूरचे, पण स्वच्छ आहे. कुंभकोणम्‌जवळ नाचियार्कोविल् नावाचे गाव आहे. पितळेच्या समयांसाठी ते प्रसिद्ध आहे, आणि तेथील विष्णुमंदिरात पाषाणाचा गरुड आहे. उत्सवात तो उचलताना प्रथम चार भोई पुरतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस असे लागत जातात, अशी तेथील श्रद्धा. आता एखाद्याने इंग्रजीत लिहिले : 'कमिंग आउट ऑफ द टेंपल, द गरुडा ग्रोज हेव्हिअर.' हे वाक्य निर्दोष आहे, कारण बाहेर येणारा आणि जड होणारा एकच. परंतु 'कमिंग आउट ऑफ द टेंपल, द वेट इन्क्रीजेस' असे लिहिले की व्याकरणाने मंदिरातून वजनच चालत येते. इंग्रजीतील हा सुप्रसिद्ध दोष, 'डँगलिंग पार्टिसिपल', म्हणजे अधांतरी लोंबणारे धातुसाधित. शेक्सपिअरही त्यापासून सुटलेला नाही. 'हॅम्लेट'मध्ये मृत राजाचे भूत आपल्या मरणाची लोकांत पसरवलेली हकीकत सांगते, तेथे झोपलेला असतो राजा, पण वाक्यरचनेने ती झोप सापाच्या वाट्याला जाते.

मराठीत मात्र 'मंदिराबाहेर येताना गरुडाचे वजन वाढते' ह्या वाक्यात कोणालाही काही खटकणार नाही. '-ताना'ला समान कर्त्याची अपेक्षा नाही. त्याला केवळ समकालीनता दाखवावयाची असते. ह्याच जागी '-ऊन' घालून पाहा : 'मंदिराबाहेर येऊन गरुडाचे वजन वाढते.' वाक्य तत्काळ लंगडे होते. क्त्वान्ताची क्रिया आधीची असावी आणि दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा, हे पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे (3.4.21). 'तोल्काप्पियम्'ही विनैयेच्चमाच्या काही रूपांपुरता एककर्तृकतेचा असाच नियम घालून देते. मराठी 'ऊनान्त' रूप ह्या नियमाचे वारसदार खरे, पण आज्ञाधारक नव्हे. 'पाऊस पडून रस्ते बंद झाले', 'मला येथे येऊन दहा वर्षे झाली', 'तेथे गेल्यावर नव्हे, पण तेथे जाऊन मला कळले' ही वाक्ये आपण रोज बोलतो. पहिल्यात कार्यकारणभावाने कर्त्यांतील भेद झाकला आहे. तिसऱ्यात 'मला' ही चतुर्थी असली तरी अनुभवणारा तोच आहे. म्हणजे मराठी व्याकरणिक कर्त्यापेक्षा प्रसंगातील माणसाकडे अधिक पाहते. इंग्रजी स्थानाकडे पाहते. 'मी त्याला पळताना पाहिले' ह्या वाक्यात पळत कोण होते हे मराठीत संदर्भावर अवलंबून. इंग्रजीत धातुसाधित 'आय'पाशी ठेवावयाचे की 'हिम्'पाशी, एवढ्यानेच निकाल लागतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. इंग्रजी '-इंग' रूप संबंध सांगतच नाही. 'लिव्हिंग इन कुंभकोणम्, ही सॉ द महामहम् ट्वाइस' आणि 'लिव्हिंग इन कुंभकोणम्, ही नेव्हर सॉ द महामहम्' ह्या दोन वाक्यांत धातुसाधित अक्षरशः एकच आहे. महामहम् हा तेथील बारा वर्षांनी येणारा स्नानोत्सव. मागचा 2016 साली झाला. पहिल्या वाक्याचे मराठी 'राहत असल्यामुळे', दुसऱ्याचे 'राहत असूनही'. इंग्रजी लेखकाने जे वाचकावर सोपवले ते मराठी अनुवादकाला उघडपणे सांगावे लागते, आणि एकदा सांगितले की परत घेता येत नाही. कारण, विरोध, काल, रीत ह्यांपैकी एक निवडणे हा येथे अर्थनिर्णय आहे. तो टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे दिसेल त्या '-इंग'ला '-त' लावणे. 'दार बंद करत तो बाहेर गेला' असली वाक्ये त्यातूनच येतात. बंद होत असलेल्या दारातून मनुष्य कसा गेला हा प्रश्न अनुवादकाला पडलेला नसतो. 'तो बाहेर गेला आणि जाताना त्याने दार ओढून घेतले' एवढे लिहिण्यास काही फार श्रम पडत नाहीत.

ह्या वाक्यान्ती येणाऱ्या धातुसाधिताबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. इंग्रजी वृत्तपत्रात पूल कोसळतो हे मुख्य क्रियापदाने सांगतात आणि 'किलिंग ट्वेल्व्ह' हे शेवटी जोडतात. जे सर्वांत भयंकर ते व्याकरणाने गौण, शेपटाला बांधलेले. इंग्रजी वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याच्या वाक्यात अखेरच्या जागेलाही वजन असते. मराठी बातमीदार मात्र, इंग्रजी तार समोर असूनही, सहज लिहून जातो : 'पूल कोसळून बारा जण ठार झाले.' त्याने रचना उलटी केली. इंग्रजीचे मुख्य क्रियापद त्याच्याकडे धातुसाधित झाले, आणि इंग्रजीचे धातुसाधित मुख्य क्रियापद. मृत माणसे वाक्याच्या मुख्य विधानात आली. विद्वान अनुवादकांना जे पुष्कळदा साधत नाही ते ह्या घाईतल्या माणसाला साधते, कारण तो इंग्रजीचे प्रत्यय मोजत बसत नाही. काय घडले ते सांगतो.

आता विशेषण म्हणून येणाऱ्या धातुसाधिताकडे वळू. येथे मराठीचे सामर्थ्य इंग्रजीपेक्षा अधिक आहे, आणि त्याची जाण आपल्याला फारशी नाही. इंग्रजी सकर्मक धातूचे भूतकालीन धातुसाधित कर्मालाच चिकटते. 'अ बॉट लँप' म्हणजे विकत घेतलेला दिवा. 'अ बॉट मॅन' म्हटले तर तो मनुष्य ग्राहक राहत नाही, स्वतःच विकला गेलेला ठरतो! मराठीत 'मी घेतलेला दिवा' आणि 'दिवा घेतलेला माणूस' दोन्ही चालतात. इतकेच काय, 'दिवा लावलेली खोली'ही चालते. खोली ही लावण्याच्या क्रियेची ना कर्ता ना कर्म. ती केवळ अधिकरण आहे. इंग्रजीला येथे संबंधी सर्वनामाचे पूर्ण उपवाक्य मांडावे लागते. तमिळमध्ये ही वाट आणखी रुंद आहे : 'नान् वाङ्गिय विळक्कु' मी घेतलेला दिवा, 'विळक्कु वाङ्गिय आळ्' दिवा घेतलेला माणूस, 'नान् विळक्कु वाङ्गिय कडै' मी जेथे दिवा घेतला ते दुकान. रूप एकच, 'वाङ्गिय'. नाते श्रोत्याने ओळखावयाचे. शेवटच्या जागी मराठी 'मी दिवा घेतला ते दुकान' असे म्हणणे पसंत करते, म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबते.

मराठी आणि तिचे द्राविडी शेजारी ह्यांच्यातील हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. मरे एमेनो ह्यांनी 1956 साली भारताला एक भाषिक क्षेत्र म्हणून पाहण्याचा विचार मांडला. गंपर्झ आणि विल्सन ह्यांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आली आहे हे दाखवले. कुंभकोणम् परिसराचा तर मराठीशी इतिहासानेच संबंध आहे. 1676 ते 1855 ह्या काळात तंजावरास भोसल्यांचे राज्य होते, बृहदीश्वराच्या प्रांगणात 1803 सालचा त्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे, आणि त्या प्रदेशातून आलेल्या काही घराण्यांत आजही दक्षिणी मराठी बोलली जाते.

असे असता आपली व्याकरणे दीर्घकाळ इंग्रजी आराखड्याकडे पाहत आली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त पूर्वसूरींच्या मतांची झडती घेतली, तरी शाळेतील मुलगा आजही 'धातुसाधित विशेषण' म्हणजे इंग्रजीतले अमुक रूप एवढेच शिकून बाहेर पडतो. अनुवाद करावयास बसल्यावर त्याला 'ज्या खोलीत दिवा लावण्यात आला होता ती खोली' सुचते, आणि घरात आई सहज म्हणत असलेली 'दिवा लावलेली खोली' सुचत नाही.