नाथसागराचा तळ कोण घडवतो?

पैठणजवळ गोदावरी अडवून १९७६ मध्ये साकारलेला जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, आपण टीएमसीत मोजतो. छत्रपती संभाजीनगरच्या नळाला पाणी तिथूनच येते. पण त्याच्या तळाशी कोणते जीव नांदतात, हे बरेचसे गाळातल्या शिंपल्यांवर ठरते.

त्यांतला मोठा म्हणजे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. तो मऊ गाळात पाय रोवून बसतो, पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांवर त्यातले सूक्ष्म कण अडवतो. खाण्याजोगे पोटात जाते. नको ते चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकले जाते. एरवी पाण्यात तरंगत राहिले असते ते अन्न असे तळाला उतरते आणि कृमी, कीटकांच्या अळ्या यांचे पोषण होते. शिंपला सरकला की गाळ उकरला जातो, प्राणवायू आत शिरतो. शिवाय जिथे सगळाच चिखल, तिथे त्याची टणक पाठ शेवाळाला आणि गोगलगायींना आधार देते. शिंपला मेल्यावरही कवच हे काम करत राहते.

न्यूझीलंडच्या समुद्रात अट्रिना झेलांडिका या मोठ्या शिंपल्याच्या वस्त्या अभ्यासताना शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दिसली. शिंपल्यांमुळे आसपासचे प्राणी बदलतात, पण हा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. पाणी जितके गढूळ, तितका तो फिका पडतो. पुराबरोबर काळी माती वाहून आणणाऱ्या गोदावरीच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

लॅमेलिडेन्स शिंपल्यांची पुढची पिढी माशांच्या भरवशावर वाढते. त्यांचे सूक्ष्म डिंभक काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मग गळून तळाशी बसतात. म्हणजे मासे घटले तर शिंपल्यांचाही वंश आटतो.

दुसरा धोका ओसरत्या पाण्याचा. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले. इतक्या झपाट्याने काठ मागे हटला की मंद गतीचे शिंपले उघड्यावर पडतात; काही करकोच्यांच्या चोचीत जातात, बाकीचे उन्हात सुकतात. नंतर चांगला पाऊस झाला की धरण एका पावसाळ्यात भरते. त्या पट्ट्यात मोठे शिंपले पुन्हा दिसायला मात्र डिंभक घेऊन येणारे मासे लागतात आणि पुढची काही वर्षेही.