सर्वांच्या हाताची बाग

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्यासारख्या निष्ठावंत सहकारिणीच्या साहाय्याने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा मुलांना काय शिकवावे यापेक्षा मुलांपर्यंत पोहोचावे कसे, हाच प्रश्न त्या दोघींना अधिक बिकट वाटला असला पाहिजे. वारल्यांची मुले दिवसभर गुरांमागे रानात असत. शाळेच्या घंटेशी त्यांच्या दिनक्रमाचा काही संबंध नव्हता. मुले शाळेत येत नाहीत अशी नोंद दप्तरात करून स्वस्थ बसणे सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी शाळाच गुरांच्या कुरणात नेली, आणि कुरणशाळेचा तो प्रयोग महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात चिरस्मरणीय झाला. आज शहरोशहरी, शाळांच्या आवारांत, गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर आणि नगरपालिकांच्या मोकळ्या भूखंडांवर लोकांना झाडाझुडपांचे शिक्षण देणाऱ्या ज्या सामुदायिक बागा उभ्या राहत आहेत, त्यांच्या चालकांनी हा प्रयोग नित्य डोळ्यांसमोर ठेवावा असे मला कळकळीने वाटते. कारण अशा बहुतेक बागांत झाडे उत्तम असतात, माहिती अचूक असते, शिकविणारेही तळमळीचे असतात, आणि तरीही गुडघे धरलेली आजी, व्हीलचेअरवरचा तरुण किंवा दृष्टिहीन मुलगी ही माणसे त्या बागेच्या फाटकाबाहेरच राहतात.

ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला, दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येतील अशा करणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. वार्धक्याने, आजारपणाने किंवा बाळंतपणाने काही काळ अधू झालेल्यांची तर यात गणतीच नाही. तेव्हा अशा माणसांसाठी बागेत वेगळा कोपरा राखून ठेवण्याची जी तजवीज पुष्कळ ठिकाणी मोठ्या सद्भावनेने केली जाते, ती मला अपुरी वाटते. ज्या वाफ्यात सारे काम करतात त्याच वाफ्याशी त्यांना बसता आले पाहिजे, आणि ती सोय नकाशा आखतानाच झाली पाहिजे. बाग उभी राहिल्यावर ती करू म्हटले की खर्च दुप्पट होतो आणि काम अर्धवट राहते.

आरंभ वाटेपासून करावा. वाट किमान चार फूट रुंद असली म्हणजे एक व्हीलचेअर निर्वेधपणे जाते. समोरून दुसरे कोणी येणार असेल तर पाच-सहा फूट हवेत, आणि जिथे वळायचे तिथे पाच फूट व्यासाची मोकळी जागा तरी असावीच. पायऱ्यांऐवजी उतार करताना एक फूट उंचीसाठी निदान बारा फूट लांबी धरावी, ही साधी त्रैराशिकातली गोष्ट आहे. परंतु जागा वाचविण्याच्या हव्यासाने सहा फुटांत एक फूट चढविणारे उतार मी पाहिले आहेत, आणि त्यांवरून खुर्ची वर नेणे दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनाही जड जाते. आपल्याकडे वाटेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. खडी पसरलेल्या वाटेत चाके रुततात, मुरूम कितीही धुमसून बसविला तरी दोन मोठ्या सरींत वाहून त्यात ओघळ पडतात, आणि शहाबादी फरशी किंवा कोकणातला जांभा आषाढ-श्रावणात शेवाळाने असा निसरडा होतो की धडधाकट माणसानेही जपून पाऊल टाकावे. म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेषा ओढून केलेली खरखरीत वाट, तिच्या दोन्ही कडांना बोटभर उंचीची कड आणि पाणी वाहून जाण्यासाठी बाजूने चर, एवढे साधले तरी पुष्कळ झाले. ती उंचावलेली कड दृष्टिहीन माणसाच्या काठीला वाट दाखविते आणि खुर्चीचे चाक वाफ्यात घसरू देत नाही.

यानंतर वाफ्याची उंची. आपली शेतीची सारी परंपरा वाकून आणि उकिडवे बसून काम करण्याची आहे, आणि नेमके हेच ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी माती वर आणावी लागते. विटांचे किंवा जांभ्याचे दोन ते अडीच फूट उंचीचे कट्टे बांधून त्यांत माती भरली, तर कट्ट्याच्या काठावर टेकून वृद्ध माणसे आरामात खुरपतात. वाफ्याला दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर त्याची रुंदी चार फूट चालते. भिंतीलगत असेल तर दोनच फूट ठेवावी, कारण बसल्या जागेवरून माणसाचा हात त्यापलीकडे पोहोचत नाही. व्हीलचेअरसाठी मात्र भरीव कट्टा सोयीचा नसतो. गुडघे कट्ट्याला अडतात, माणसाला कुशीवर वळून काम करावे लागते आणि थोड्याच वेळात पाठ भरून येते. त्यासाठी मेजासारखा वाफा करावा, ज्याच्या खाली सव्वादोन फूट मोकळी जागा आणि वर सहा-सात इंच माती असेल. एवढ्या मातीत मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना हे सारे उत्तम येते. ओल्या मातीचे वजन मात्र विसरू नये. लाकडी फळ्यांचा हलका सांगाडा पहिल्याच पावसात वाकतो, म्हणून लोखंडी पाय आणि तळाला पाणी निथळण्याची भोके अवश्य असावीत. पाण्याचा नळ बसल्या माणसाच्या हाताशी यावा आणि तो फिरवायचा नसून दांडीने उघडायचा असावा. झारी दोन लिटरांहून मोठी नको. ज्यांची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्यांच्यासाठी खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली की मूठ जाड होते आणि पकड बसते. या सोयीला पैसाही पडत नाही.

बागेत आल्यावर माणसाने नुसते पाहावे, अशी आपली एक रूढ समजूत आहे, आणि ‘फुलांना हात लावू नये’ ही पाटी त्या समजुतीची खूण आहे. शिक्षणाच्या बागेत त्या पाटीला स्थान नाही. दोडका आणि घोसाळे यांतला भेद डोळे असणाऱ्या कितीतरी शहरी मुलांना सांगता येत नाही. पण दृष्टिहीन मुलीच्या हाती ती दोन फळे दिली की एकाच्या कंगोऱ्यांवरून आणि दुसऱ्याच्या मऊ सालीवरून तिचे बोट फिरते न फिरते तोच ती नावे सांगून मोकळी होते, आणि मग डोळस मुले तिच्याकडून शिकतात. पानफुटीचे मांसल पान, फुटलेल्या बोंडातला कापूस, शेवग्याच्या शेंगेच्या धारा, कढीलिंब चुरगळल्यावर येणारा दर्प, हे सारे अभ्यासक्रमाचेच भाग मानावेत. सुगंधी वनस्पतींचा आणखी एक उपयोग आहे: वाटेच्या प्रत्येक वळणावर एकच गंध ठेवावा, इथे गवती चहा, पुढे दवणा, त्यापुढे पानओवा, म्हणजे न पाहणाऱ्याला आपण कुठे आलो हे नाकावरून कळते. सगळे सुगंध एकाच कोपऱ्यात दाटीने लावले तर त्यांची सरमिसळ होऊन हा उपयोग नाहीसा होतो.

नावांच्या पाट्या मोठ्या, ठळक अक्षरांत असाव्यात आणि जोडीला ब्रेल असावी. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल ही एकच लिपी प्रचलित असल्याने मराठी पाटी करून घेणे कठीण नाही. ही पाटी पत्र्याची करून उन्हात ठोकली तर वैशाखात बोट टेकवत नाही, म्हणून ती सावलीत लावावी. आणि जिथे माणसांना हात लावा, वास घ्या, चाखा असे सांगायचे, तिथे कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंड, रुई आणि गुंज यांना शोभेसाठीसुद्धा थारा देऊ नये. ही झाडे विषारी आहेत आणि लहान मुले चाखून पाहणारच.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांसाठी कामाचा क्रम रोज तोच ठेवणे, तो चित्रांनी दाखविणे आणि गलबला असह्य झाला तर जाऊन बसता येईल अशी एक शांत, सावलीची जागा राखणे, एवढ्यानेच फार फरक पडतो. त्यांच्या हाती पहिले बी मेथीचे द्यावे. ती तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात जुडी बांधून घरी नेता येते. कोथिंबिरीचे धणे रगडून दुभंगून पेरले तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि एवढी प्रतीक्षा नवख्याचा उत्साह मावळवते.

एवढी सगळी सिद्धता झाली तरी बाग आपोआप सर्वांची होत नाही. ती सर्वांची होते प्रत्येकाकडे तिच्यातले एखादे खरे काम आल्यावर, असे काम की जे त्याने केले नाही तर अडेल. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमने हाताचे उत्पादक काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले ते याच जाणिवेने, आणि कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या प्रयोग परिवारात साध्या शेतकऱ्याला प्रयोगकर्त्याचा मान दिला तोही याच विश्वासाने. सामुदायिक बागेत मात्र दिव्यांग माणसाला बहुधा पाहुणा मानतात, त्याच्या हस्ते एक रोप लावून घेतात आणि टाळ्या वाजवितात. त्यापेक्षा बियाण्यांची नोंदवही त्याच्याकडे द्यावी, रोज पाणी किती दिले याचा हिशेब त्याने ठेवावा, गांडूळखताची जबाबदारी त्याची असावी. ज्या आजीला उभे राहवत नाही तिला पाठ टेकायची खुर्ची देऊन पावसाळ्याच्या तोंडाशी बागेत बसवावे आणि तिच्यापुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे या रानभाज्या ठेवाव्यात. शेवळे नीट न शिजविल्यास घसा खाजवितो, म्हणून त्यांत काकडाची फळे घालतात, हे ज्ञान ती ज्या अधिकाराने सांगेल त्या अधिकाराने कोणी पदवीधर सांगू शकणार नाही. तिने बोललेले लिहून घ्यावे आणि पाटीवर तिच्याच बोलीतले नाव घालावे.

वेळेचा प्रश्नही बागेवरच्या सर्वांच्या हक्काचाच आहे. सकाळी दहा ते पाच उघडी राहणारी बाग कारखान्यातल्या माणसाला आणि घरकाम करणाऱ्या बाईला बंदच असते. पहाटे आणि दिवेलागणीनंतर तासभर ती खुली ठेवावी, आणि स्वच्छतागृह असे बांधावे की त्यात व्हीलचेअर शिरेल. हे सारे करायला जागा चांगली नाही, ही सबबही मला मान्य होत नाही. धारावीलगत मिठी नदीच्या काठी शहराचा कचरा जिथे वर्षानुवर्षे टाकला जात होता, त्या सुमारे ३७ एकर जमिनीवर माती पसरून, झाडे लावून उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ साली लोकांसाठी खुले झाले आणि हजारो विद्यार्थी तिथे निसर्ग शिकायला आले. कचऱ्याच्या ढिगावर अरण्य उभे राहू शकते, तर आपल्या आवारात चार फुटांची वाट नक्की निघू शकेल.

तेव्हा ज्यांच्या संस्थेत, शाळेत किंवा प्रभागात अशी बाग करण्याचा विचार चालला असेल, त्या वाचकांना माझी विनंती आहे. नकाशाला मंजुरी देण्यापूर्वी जागेवर फक्कीने वाटा आणि वाफे आखा. परिसरातील एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक दृष्टिहीन व्यक्ती आणि गुडघे दुखणारी एक आजी यांना सन्मानाने बोलवा, त्यांना त्या रेषांवरून फिरू द्या, जिथे ती अडतील तिथे रेषा पुसून पुन्हा ओढा, आणि बागेच्या समितीवर त्यांची नावे पहिल्याच बैठकीत घाला.