गंजलेला वस्तरा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली, तर कुलपं, अडकित्ते आणि पितळी दिव्यांच्या ढिगात अधूनमधून एखादा दुमडता वस्तरा हाताला लागतो. तांबूस पडलेला, खिळ्यापाशी अडकलेला. विकणारा आधी भंगाराचा भाव सांगतो. गिऱ्हाईक पात्याच्या बुडख्यावरचा शिक्का वाचायला लागलं की भाव चढतो. शिक्का बहुधा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, नाही तर जर्मनीतल्या झोलिंगेनचा.

शेफिल्डचं नाव झालं त्यात बेंजामिन हंट्समनचा वाटा मोठा. हा मूळचा घड्याळजी. 1740च्या दशकात त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची रीत बसवली. गावातल्याच कारागिरांनी हे पोलाद फार कडक म्हणून आधी नाकारलं, फ्रेंचांनी ते उचललं, तेव्हा शेफिल्डचे डोळे उघडले. झोलिंगेनवाल्यांची मातबरी पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासण्यात. तिथल्या चांगल्या वस्तऱ्याची धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली, तर पातं लवताना दिसतं. ‘झोलिंगेन’ हे नाव कुठल्या मालावर घालायचं, याला 1938पासून कायद्याचं बंधन आहे.

मग आला जिलेट, बदलत्या ब्लेडचा सेफ्टी रेझर घेऊन. 1903 साली त्याचे अवघे 51 रेझर खपले आणि पुढच्याच वर्षी नव्वद हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना हेच रेझर दिले. वस्तरे खणात गेले ते तेव्हापासून. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत ते बरीच वर्षं टिकले. आता सलूनमध्येही मूठ तेवढी वस्तऱ्यासारखी. आत अर्धं ब्लेड, दर गिऱ्हाइकाला नवं. एचआयव्ही आणि काविळीच्या धास्तीने झालेला हा बदल योग्यच आहे.

खणातला वस्तरा गंजतो, कारण त्याचं पोलाद साधं: लोखंड आणि त्यात साधारण एक टक्का कार्बन. न गंजणारं पोलाद शेफिल्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली शोधलं, पण जुने वस्तरे बहुतेक आधीच्याच जातीचे. गंजात दोन प्रकार ओळखायचे. लाल गंज सच्छिद्र असतो, दमट हवा धरून ठेवतो आणि खाली पोलाद खातच राहतो. काळा थर घट्ट बसलेला असतो आणि फारसा पसरत नाही. लाल काढायचा, काळ्याला शक्यतो हात लावायचा नाही. गंज म्हणजे पोलादच रूप बदलून वर आलेलं. ते गेलं की खाली खड्डा उरतो. तो खड्डा नाहीसा करायचा, तर आजूबाजूचं चांगलं पोलाद त्याच्या पातळीपर्यंत घासावं लागतं. आरशासारखं चकचकीत पातं करण्याच्या नादात लोक हेच करतात, आणि शिक्का, नक्षी, सोनेरी अक्षरं सगळं पुसून बसतात.

घरी करायचं काम सोपं आहे, वेळ मात्र खातं. आधी धारेवर जाड चिकटपट्टी लावा. पातं शिलाई मशीनच्या तेलात किंवा रॉकेलमध्ये रात्रभर भिजू द्या. सकाळी ते लाकडी फळीवर आडवं ठेवून 1000 नंबरचा वॉटर पेपर तेलात बुडवून फिरवा. हात पात्याच्या लांबीला समांतर चालवा, धारेकडे नेऊ नका. तेल चहासारखं लाल होईल. ते जुन्या बनियनच्या फडक्याने टिपा आणि पुन्हा सुरू करा. डाग हट्टी असेल तरच 600वर या, मग परत 1000, 1500, 2000. बोटाला खरबरीत लागेनासं झालं आणि फडक्यावर लाल उतरेनासं झालं की थांबा. करडे-काळे ठिपके राहतील, राहू देत.

लिंबू, चिंच, व्हिनेगर हे आपल्या हाताशी असलेले उपाय तांब्या-पितळेला ठीक. पोलादावरचा गंज आम्लाने जातो हे खरं, पण आम्ल चांगलं पोलादही चाटतं आणि पातं राखाडी, मंद करून सोडतं. मोटरच्या चाकावर पॉलिश करण्याचा मोह त्याहून वाईट. धारेजवळ पातं मिलिमीटरच्या अंशाएवढं, क्षणात तापतं. पिवळसर, तपकिरी, मग निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं. तो वस्तरा पुन्हा धार धरत नाही आणि घरी त्यावर इलाज नाही.

आता धार. चिकटपट्टी काढून धार ट्यूबलाइटखाली भिंगातून पाहा. गंजाचे खड्डे ऐन धारेवर असतील, तर वस्तऱ्याला धार लावली तरी ती तिथे तुटत राहणार. निरोगी पोलाद लागेपर्यंत दगडावर पातं मागे न्यावं लागतं. वस्तरा दगडावर सपाट ठेवतात, म्हणजे धार आणि पाठ दोन्ही टेकतात; पाठीची जाडी धारेचा कोन ठरवते, साधारण 15 ते 18 अंश. बनवणाऱ्याने कोनाचं माप पात्यातच घालून ठेवलं आहे, ही या हत्याराची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. एका बाजूने पाठ जास्त झिजवली की ते माप गेलं. हे काम जाणकाराकडे द्यावं. पात्याला तडा असेल तर नाद सोडा, भिंतीवर लावा.

राहिली मूठ. हस्तिदंती मुठीचा वस्तरा कुणी विकायला आणला तर हात आखडता घ्या. हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात बंदी आहे. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ मुठी मात्र सेल्युलॉइडच्या असतात. मूठ बोटाने जोरात घासून हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. कापूर त्यात घातलेलाच असतो. हा पदार्थ म्हातारा झाला की नायट्रोजनच्या आम्लकारी वाफा सोडतो, आणि मिटलेलं पातं त्या वाफांत वर्षानुवर्षं पडून गंजतं. कितीही घासा, गंज परत येतो, कारण तो मुठीतून येतोय. शेजारी ठेवलेले धड वस्तरेही त्यात जातात. आजोबांचा वस्तरा घरात असेल आणि त्याची मूठ पिवळी पडून तडकायला लागली असेल, तर तो आजच बाकीच्या हत्यारांपासून वेगळा करा, मोकळ्या हवेत ठेवा आणि घासण्याआधी मूठ बदलून घ्या.